वास टिकतो, मग रसायन नदीत किती टिकतं? सुगंधी रसायनाची पीबीटी तपासणी, गॅलॅक्सोलाइडचं उदाहरण घेऊन

चादर धुतली, वाळवली, घडी करून कपाटात ठेवली आणि चार दिवसांनी कपाट उघडलं तरी कंडिशनरचा तो स्वच्छ, जरासा गोडसर वास येतोच. लिंबाचा, लव्हेंडरचा वास केव्हाच उडालेला असतो, मागे राहतो तो बऱ्याचदा मस्क, म्हणजे कस्तुरीसारखा वास देणारं रसायन. परफ्युमरला नेमकं हेच हवं असतं, पाण्यात न विरघळणारं, लवकर न उडणारं, कापडाच्या धाग्याला धरून बसणारं आणि सहजासहजी न तुटणारं रसायन. आता हेच गुण घेऊन ते मोरीतून नाल्यात आणि नाल्यातून नदीत गेलं की काय होणार याचा विचार करा. पाण्यात विरघळत नाही म्हणजे ते गाळात आणि माशाच्या चरबीत जाऊन बसणार, तुटत नाही म्हणजे तिथेच राहणार. म्हणून ज्या रसायनाचा वास जास्त टिकतो त्याची तपासणी आधी करायची, हा माझा पक्का नियम आहे.

ही तपासणी म्हणजे पीबीटी. पी म्हणजे पर्यावरणात टिकून राहणं, बी म्हणजे सजीवांच्या अंगात साठत जाणं, टी म्हणजे विषारीपणा. निकष युरोपच्या रीच या रसायनविषयक कायद्याच्या परिशिष्ट १३ मधले घेऊया, कारण आकडे स्पष्ट आहेत आणि इथून माल निर्यात करायचा तरी शेवटी तेच विचारतात. उदाहरणाला गॅलॅक्सोलाइड घेतो, साबण, डिटर्जंट, कंडिशनर सगळीकडे चालणारा पॉलिसायक्लिक (एकमेकांना जोडलेल्या अनेक वलयांचा) मस्क, आयएफएफ कंपनीने १९६० च्या दशकात शोधलेला.

आधी नक्की काय तपासताय ते ठरवा

ही पायरी लोक पाच मिनिटांत उरकतात आणि नंतर महिनाभर रडतात. ट्रेड नावावर अजिबात जाऊ नका, कॅस नंबर घ्या, म्हणजे प्रत्येक रसायनाचा स्वतःचा ओळख क्रमांक. गॅलॅक्सोलाइडचा १२२२-०५-५, रासायनिक सूत्र सी१८एच२६ओ, रेणुभार साधारण २५८. दुसरं म्हणजे बाजारात तो बहुतेक वेळा शुद्ध मिळत नाही, कारण शुद्ध माल मधापेक्षा घट्ट असतो, ओतताच येत नाही. म्हणून ५० टक्के पातळ करून विकतात, कधी डायइथाइल थॅलेट, कधी आयसोप्रोपाइल मायरिस्टेट, कधी बेंझाइल बेंझोएटमध्ये. शिवाय मूळ मालही एकच रेणू नसतो, आयसोमरचं, म्हणजे तेच सूत्र पण थोडी वेगळी रचना असलेल्या रेणूंचं मिश्रण असतं.

हे इतकं का सांगतोय तर एकदा माझ्या हातात एका पुरवठादाराची सेफ्टी डेटा शीट आली, त्यात या मस्कपुढे लिहिलं होतं "२८ दिवसांत ५२ टक्के विघटन, जवळजवळ सहज विघटनशील". मी ते तसंच माझ्या तक्त्यात उतरवलं. दोन दिवसांनी झोपताना डोक्यात आलं की हा आकडा निम्म्याच्या इतका जवळ कसा? फोन करून विचारलं तर चाचणी ५० टक्के मायरिस्टेटमधल्या मालावर केलेली. म्हणजे जिवाणूंनी मायरिस्टेट खाऊन टाकलं, ते तसंही लगेच विघटन होणारं तेल आहे, आणि मस्कला जवळपास हातच लावला नाही. नुसत्या मस्कवर केलेल्या २८ दिवसांच्या चाचण्यांत विघटन शून्य ते दोन टक्के दिसतं. तेव्हापासून प्रत्येक आकड्याशेजारी "चाचणी कशावर केली" असा एक वेगळा कॉलम ठेवतो, तुम्हीही ठेवा.

माहिती कुठून गोळा करायची

युरोपियन केमिकल्स एजन्सीच्या वेबसाइटवर नोंदणी झालेल्या रसायनांची माहिती फुकट बघता येते. रिफम या सुगंधी द्रव्यांच्या संशोधन संस्थेची सेफ्टी असेसमेंट्ससुद्धा फुकट वाचायला मिळतात. अमेरिकेच्या ईपीए या पर्यावरण संस्थेचं ईपीआय स्वीट हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात रेणूची रचना टाकली की पाण्यातली विद्राव्यता, लॉग केओडब्ल्यू (तेलाची ओढ), विघटनाची शक्यता, बीसीएफ (माशात साठण्याचं प्रमाण), सगळ्याचे अंदाज मिळतात. पण ते अंदाज आहेत, मोजलेले आकडे नाहीत. तक्त्यात मोजलेला आणि अंदाजे आकडा वेगळ्या रंगात लिहा. प्रत्येक अभ्यासाला क्लिमिश पद्धतीने १ ते ४ गुण द्या, १ म्हणजे पूर्ण भरवशाचा, ३ म्हणजे भरवसा नाही, ४ म्हणजे तपशीलच नाही. ४ गुणांच्या आकड्यावर निर्णय घ्यायचा नाही, मग तो कितीही सोयीचा असो.

पी: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

माझ्या मते अर्धा वेळ एकट्या पी ला द्यायला हवा. विषारी पण पटकन तुटणारं रसायन वापर थांबवला की थोड्या दिवसांत संपतं. टिकणाऱ्याचं तसं नाही, उद्या कळलं की ते धोकादायक आहे तरी गाळातून परत काढता येत नाही.

पहिली गाळणी ओईसीडी ३०१ गटातल्या चाचण्या (ओईसीडीपुढचे आकडे म्हणजे आंतरराष्ट्रीय ठरलेल्या चाचणी-पद्धतींचे क्रमांक), म्हणजे सहज विघटन होतं का. २८ दिवसांत ऑक्सिजनच्या हिशोबाने ६० टक्के (विरघळलेल्या कार्बनच्या हिशोबाने ७० टक्के) विघटन झालं तर पदार्थ पी नाही असं धरून पुढे जाता येतं. लिनालूल, जे लव्हेंडरमध्येही असतं आणि कोथिंबिरीच्या बियांतही, ते इथेच सुटतं. चाचणीचा प्रकार मात्र बघा. सुगंधी द्रव्य म्हणजे उडणारं, त्यामुळे उघड्या भांड्यातल्या चाचणीत पदार्थ हवेत गेला आणि आपण म्हणतोय विघटन झालं असं होऊ शकतं. बंद भांड्यातल्या ३०१डी, ३०१एफ किंवा ३१० या चाचण्या बऱ्या.

मोजलेला आकडाच नसेल तर ईपीआय स्वीटमधलं बायोविन बघा. बायोविन २ चा आकडा ०.५ च्या खाली आणि बायोविन ३ चा २.२५ च्या खाली आला की पी चा संशय धरायचा. संशय आला म्हणजे दोषी ठरलं असं नाही, पण पुढची चाचणी लागणार.

पुढची म्हणजे सिम्युलेशन चाचणी, खऱ्या पाण्यात (ओईसीडी ३०९), गाळात (३०८) किंवा मातीत (३०७) अर्धायुष्य, म्हणजे पदार्थ निम्मा व्हायला लागणारा काळ, मोजायचं. निकष असे: गोड्या पाण्यात ४० दिवसांपेक्षा जास्त, समुद्राच्या पाण्यात ६० पेक्षा जास्त, नदीच्या गाळात १२० पेक्षा, समुद्राच्या गाळात १८० पेक्षा, मातीत १२० पेक्षा, यातलं कुठलंही एक ओलांडलं की पदार्थ पी. अति टिकाऊ म्हणजे व्हीपी साठी पाण्यात ६०, गाळात आणि मातीत १८०.

आता यात एक खाच आहे. युरोपात हे अर्धायुष्य १२ अंश सेल्सियसला धरतात आणि प्रयोगशाळेत चाचणी बहुतेक २० अंशाला झालेली असते. २० वरून १२ वर आणायचं तर नेहमीच्या गणिताने (सक्रियण ऊर्जा ६५.४ किलोज्यूल प्रति मोल धरून) अर्धायुष्य साधारण २.१ पट होतं. म्हणजे रिपोर्टमध्ये २० दिवस दिसले, तुम्ही खूश झालात, आणि १२ अंशाला तेच ४२ दिवस झाले की पदार्थ ४० ची रेषा ओलांडून पी मध्ये गेला. आपल्याकडे नदीचं पाणी २५ ते ३० अंश असतं त्यामुळे विघटन जास्त वेगाने होईल हे खरं, पण निर्यातीच्या फाइलमध्ये १२ चाच आकडा लागतो. दोन्ही लिहा, वेगळे लिहा, आणि तापमान न लिहिता अर्धायुष्य कधीच लिहू नका.

अजून एक, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. "पदार्थ नाहीसा झाला" आणि "पदार्थ पूर्ण विघटित झाला" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गॅलॅक्सोलाइड नदीच्या पाण्यात आणि सांडपाण्याच्या गाळात कमी होत जातो, पण त्यातला काही भाग गॅलॅक्सोलिडोन नावाच्या लॅक्टोनमध्ये बदलतो, त्याचा सांगाडा तसाच राहतो. मस्क झायलीन या जुन्या कृत्रिम मस्कच्या बाबतीत तर त्याचा अमिनो अवतार शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात मूळ पदार्थापेक्षा जास्त सापडलेला आहे. तेव्हा मूळ रेणूचं अर्धायुष्य बघून फाइल बंद करू नका, तो कशात बदलला ते शोधा आणि त्या पदार्थाची पी, बी, टी पुन्हा पहिल्यापासून तपासा.

बी: माशाच्या अंगात किती साठतं

सुरुवात लॉग केओडब्ल्यूपासून, म्हणजे पदार्थाला पाण्यापेक्षा तेल किती जास्त आवडतं. ४.५ च्या वर गेला की बी चा संशय. गॅलॅक्सोलाइडचा ५.९, म्हणजे सरळ संशयात. हा आकडा कोणत्या पद्धतीने मोजला तेही बघायचं, कारण साधी हलवून मोजायची पद्धत (ओईसीडी १०७) ४ च्या पुढे फसते, तेलाचे बारीक थेंब पाण्यात राहतात आणि आकडा कमी येतो. ५ च्या पुढच्या पदार्थाला हळू ढवळायची पद्धत, म्हणजे १२३, जास्त भरवशाची.

मग खरा निकष, बीसीएफ, माशाच्या अंगातलं प्रमाण भागिले पाण्यातलं प्रमाण. २००० च्या वर बी, ५००० च्या वर व्हीबी, म्हणजे अति साठणारा. नुसत्या लॉग केओडब्ल्यूवरून काढायचं जुनं सूत्र आहे, लॉग बीसीएफ बरोबर ०.८५ गुणिले लॉग केओडब्ल्यू वजा ०.७०. गॅलॅक्सोलाइडला लावा: ०.८५ गुणिले ५.९ म्हणजे ५.०१५, वजा ०.७० म्हणजे ४.३१५, म्हणजे बीसीएफ वीस हजारांच्या वर! आणि ब्लूगिल माशावर प्रत्यक्ष मोजलेला आकडा आहे १५८४. इतका फरक कसा? कारण मासा काही तेलाची बाटली नाही, त्याचं यकृत हा रेणू बदलून बाहेर टाकतं. म्हणून सूत्राचा आकडा हा फक्त इशारा समजायचा. माशांवर चाचणी टाळायची असेल तर २०१८ पासून ओईसीडी ३१९ आहे, त्यात ट्राउटच्या यकृताच्या पेशींवर किंवा अर्कावर पदार्थ किती वेगाने बदलतो ते मोजतात आणि त्यावरून बीसीएफचा अंदाज सुधारतात.

आता मोजलेला आकडा हातात आला तरी थांबा. ओईसीडी ३०५ (बीसीएफ मोजायची माशांवरची चाचणी) चा रिपोर्ट उघडून माशातल्या चरबीचं प्रमाण शोधा, कारण तुलना ५ टक्के चरबीवर करायची असते. समजा रिपोर्टमध्ये बीसीएफ १५०० आहे, वरवर बघता बी नाही, पण मासे बारीक होते, चरबी फक्त ३ टक्के. १५०० गुणिले ५ भागिले ३, आला २५००. झाला बी. तसंच चाचणी चालू असताना मासे वाढतात आणि वाढल्यामुळे अंगातलं प्रमाण विरळ होतं, त्याची दुरुस्ती केलीय का ते बघा. आणि पाण्यातलं प्रमाण मोजलेलं आहे की नुसतं "इतकं टाकलं" असं लिहिलंय हे तर बघाच, मस्कसारखा पदार्थ काचेला, नळीला, माशांच्या खाद्याला चिकटतो, पाण्यात निम्माही राहत नाही.

हवेत श्वास घेणाऱ्या प्राण्यांचं गणित वेगळं असतं. लॉग केओडब्ल्यू २ च्या वर आणि लॉग केओए (हवा आणि तेल यांच्यातलं प्रमाण) ५ च्या वर असेल तर माशात न साठणारा पदार्थ सस्तन प्राण्यात साठू शकतो. हा मुद्दा रिपोर्टमधून बहुतेक वेळा गायब असतो.

टी: विषारीपणा

इथे निकष सोपा आहे, पाण्यातल्या जीवांवर दीर्घकालीन चाचणीत एनओईसी (ज्या प्रमाणापर्यंत परिणाम दिसत नाही ते) किंवा ईसी१० (ज्या प्रमाणाला १० टक्के परिणाम दिसतो ते) हा ०.०१ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या खाली, किंवा माणसासाठी कॅन्सर, जनुकीय बदल, प्रजनन यांच्या ठरावीक वर्गात मोडणारा, किंवा वारंवार संपर्काने अवयवांना इजा करणारा. शेवाळ (ओईसीडी २०१), डाफ्निया या पाण्यातल्या बारीक जीवाचं प्रजनन (२११) आणि माशांची अंड्यापासूनची वाढ (२१०) या तीन चाचण्या हव्यात. गॅलॅक्सोलाइडचे दीर्घकालीन एनओईसी शेवाळाला २०१, डाफ्नियाला १११ आणि फॅटहेड मिनो माशाला ६८ मायक्रोग्रॅम प्रति लिटर. सगळ्यात कमी ६८, निकष १० मायक्रोग्रॅमचा (म्हणजे तोच ०.०१ मिलिग्रॅम), म्हणजे टी नाही. पुढे समुद्रातल्या कोपेपॉड या बारीक कवचधारी जीवाच्या पिल्लांवर चाचण्या झाल्या तर त्याहून खालचे आकडे आले, म्हणजे तीन ठरलेले जीव तपासले की झालं असं नसतं.

फक्त ९६ तासांची माशाची चाचणी असेल तर तिच्यावर टी नाही असं कधीच लिहू नका. लॉग केओडब्ल्यू ५ च्या वरचा पदार्थ माशाच्या अंगात भरायलाच चार दिवसांपेक्षा जास्त लागू शकतात, चाचणी संपते तेव्हा विष अजून पोचलेलंच नसतं.

तीन उत्तरं एकत्र करताना

तिन्ही निकष लागले तर पीबीटी. व्हीपी आणि व्हीबी दोन्ही लागले तर टी बघायचीही गरज नाही, व्हीपीव्हीबी म्हणून तो तसाच अडकतो. मस्क झायलीनचं असंच झालं. आल्बर्ट बाउर हा केमिस्ट १८८८ मध्ये टीएनटीसारख्या स्फोटकांवर काम करत होता, त्यातून नायट्रो मस्क हाती लागले, पुढे कित्येक दशकं ते साबण-डिटर्जंटात वापरले गेले. १९८१ मध्ये जपानच्या तामा नदीतल्या माशांत ते सापडल्याचं संशोधकांनी छापलं. २००८ मध्ये युरोपने मस्क झायलीनला व्हीपीव्हीबी म्हणून चिंताजनक पदार्थांच्या पहिल्याच यादीत घेतलं आणि २१ ऑगस्ट २०१४ नंतर परवानगीशिवाय तिथे वापर बंद. बाउरपासून बंदीपर्यंत १२६ वर्षं.

गॅलॅक्सोलाइडबद्दल युरोपियन युनियनच्या २००८ च्या अहवालात पीबीटी नाही असा निष्कर्ष निघाला. पण १५८४ आणि २००० यांच्यातलं अंतर बघा, चरबीची एक दुरुस्ती त्याला इकडून तिकडे नेऊ शकते. अशा पदार्थापुढे मी नुसतं "नाही" लिहीत नाही, "नाही, सीमेजवळ, नवीन माहिती आली की पुन्हा बघणे" असं लिहितो आणि तारीख टाकतो. शिवाय युरोपच्या सीएलपी या रसायनांच्या वर्गीकरण-लेबलच्या नियमात २०२३ पासून पीबीटी आणि व्हीपीव्हीबी हे लेबलवर येणारे धोक्याचे वर्ग झालेत, नव्या पदार्थांना १ मे २०२५ पासून, बाजारात आधीपासून असलेल्यांना १ नोव्हेंबर २०२६ पासून, त्यामुळे जुन्या फाइली उघडायलाच लागणार.

पीबीटी नाही म्हणजे संपलं का? आपल्या नदीचं गणित करा

इथे युरोपचे आकडे आपल्याकडे आंधळेपणाने वापरतात त्याचा मला खरंच राग येतो, म्हणून एकदा हिशोब मांडूनच दाखवतो. समजा माणशी रोज ५ मिलिग्रॅम मस्क मोरीतून जातो. (हा आकडा उदाहरणापुरता धरलाय, तुम्ही तुमच्या विक्रीवरून काढा.) युरोपच्या नेहमीच्या गृहीतकात माणशी २०० लिटर सांडपाणी, म्हणजे २५ मायक्रोग्रॅम प्रति लिटर. शुद्धीकरण केंद्रात ८५ टक्के निघून गेला असं धरू, उरले ३.७५. नदीत दहापट पातळ झाला, ०.३७५. सुरक्षित पातळी काढायला वरच्या तीन चाचण्यांतल्या सगळ्यात कमी एनओईसीला, म्हणजे ६८ ला, १० ने भागा, ६.८. नदीतली पातळी भागिले सुरक्षित पातळी, हे प्रमाण ०.०५५, एकच्या खूप खाली, छान.

आता आपल्याकडे. माणशी १३५ लिटर पाणी, त्यातलं ८० टक्के सांडपाणी म्हणजे १०८ लिटर. शुद्धीकरण? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालात देशात रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होतं आणि प्रत्यक्षात २०,२३५ दशलक्ष लिटरवर प्रक्रिया होते, म्हणजे साधारण २८ टक्के. जिथे प्रक्रियाच नाही तिथे ८५ टक्के निघून जाण्याचा प्रश्नच येत नाही. आणि दहापट पातळ करायला नदीत पाणी कुठे, एप्रिल-मे मध्ये पुण्याच्या खालची मुळा-मुठा किंवा मुंबईची मिठी बघितली असेल त्याला सांगायला नको. ५ मिलिग्रॅम भागिले १०८ लिटर, ४६ मायक्रोग्रॅम प्रति लिटर. प्रमाण ६.८. तोच पदार्थ, तेवढाच वापर, आणि तिकडे ०.०५५ होतं ते इकडे ६.८. ही सगळ्यात वाईट परिस्थिती आहे हे मान्य, पण रिपोर्टमध्ये ती एक ओळ असलीच पाहिजे.

जिथे शुद्धीकरण होतं तिथेही निघून गेलेला मस्क बराचसा गाळाला चिकटलेला असतो. तो गाळ खत म्हणून शेतात जात असेल तर मातीतलं अर्धायुष्य आणि गांडुळांवरची चाचणी बघा.

एकदम पन्नास पदार्थ चाळायचे असतील तर रिफमची पद्धत कामाला येते. पहिल्या गाळणीत वापराचं प्रमाण आणि लॉग केओडब्ल्यू एवढ्यावर माशासाठीचा अंदाजे विषारीपणा काढून त्याला तब्बल १० लाखांनी भागतात. एवढं भागूनही जो पास होतो त्याला सोडून द्या, नापास होतो त्याच्यासाठी चांगली माहिती आणा, मग भाजक लहान होत जातो.

शेवटी परफ्युमरकडे जाताना

"हा वापरू नका" असं नुसतं सांगून कोणी ऐकत नाही, आणि बरोबर आहे, त्याला वास जमवायचाय. पर्याय घेऊन जा. इथिलीन ब्रासिलेटसारखे मॅक्रोसायक्लिक (एकाच मोठ्या वलयाचे) मस्क सहज विघटन होणारे आहेत, कारण त्यांच्यातला एस्टरचा जोड जिवाणूंना तोडता येतो. पण त्याचा वास वेगळा बसतो आणि डोस बदलतो. म्हणून ट्रायल झाली की परफ्युमरकडून नवीन डोस लेखी घ्या, तो वरच्या नदीच्या हिशोबात ५ मिलिग्रॅमच्या जागी टाका आणि पर्यायाचाही तक्ता कॅस नंबरपासून पुन्हा भरा, "चाचणी कशावर केली" या कॉलमसकट.